मामाचे 24,000 रँड : दक्षिण आफ्रिकेच्या बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री,
सार्वजनिक बांधकाम व पायाभूत सुविधा,
दक्षिण आफ्रिका

महोदय,
सादर नमस्कार.

इंग्रजी प्रत तुमच्या प्रिटोरियाच्या कार्यालयात धाडली आहे. मूळ पत्र मराठीत आहे, कारण हिशेब मी अजून मराठीतच करतो. शिवाय थकलेलं बिल म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. 2025 मध्ये महाराष्ट्रातले कंत्राटदार त्याचसाठी रस्त्यावर उतरले होते.

मी जोहान्सबर्गला एका मोठ्या बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर आहे. मोजमापं घ्यायची आणि पोटकंत्राटदारांची बिलं तपासायची, हे माझं काम. काळ्यांना सवलती देणाऱ्या तुमच्या सक्षमीकरण कायद्यात 'काळे' या शब्दात भारतीयही येतात, पण नागरिकत्व 27 एप्रिल 1994 च्या आधीचं किंवा जन्माने, वंशाने मिळालेलं हवं. मी आलो 2009 मध्ये. त्यामुळे या सवलतींत माझा काडीचाही वाटा नाही, आणि त्यांवर माझा रागही नाही.

आमच्या साइटवर जोहान्सबर्गजवळच्या टेम्बिसा वस्तीतल्या एक बाई पोटकंत्राटदार आहेत. इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना 'मामा', म्हणजे आई, म्हणतात. (माझी बहीण फोनवर दर वेळी हसते.) त्यांचं बांधकाम पाहण्यासारखं असतं. दोरी ताणलेली, सांध्यातला माल एकसारखा, ठरलेल्या थरांत ब्रिकफोर्सची (विटकामाला बळकटी देणारी) तार चुकवलेली नाही. ओळंबा लावायला मी जातो तो केवळ नियम म्हणून.

त्यांचे वडीलही गवंडीच. पण 1951 च्या नेटिव्ह बिल्डिंग वर्कर्स अ‍ॅक्टनुसार शहराच्या गोऱ्या भागात आफ्रिकन माणसाने कुशल बांधकाम करणं हा गुन्हा होता. म्हणून साठच्या दशकात ते विटा रचायचे आणि हजेरीपटावर 'हमाल' असायचे. मजुरीही हमालाचीच. आज या लोकांकडे भांडवल का नाही, असं बैठकीत कोणी विचारलं की मला तो हजेरीपट आठवतो.

मामा सीआयडीबीच्या, म्हणजे बांधकाम उद्योग विकास मंडळाच्या, कंत्राटदार नोंदणीत सगळ्यात खालच्या ग्रेड 1 ला आहेत. म्हणजे त्यांनी स्वतः सरकारी निविदा भरायची तर 5 लाख रँडपर्यंतचीच. वरच्या ग्रेडला जायचं तर पुरी केलेली मोठी कामं आणि हाताशी पैसा दाखवावा लागतो. पैसा कामातून येणार आणि काम पैसा असला तर मिळणार. आता हा पैसा अडतो कुठे, ते मी रोज पाहतो.

एका सरकारी शाळेच्या स्वच्छतागृहांचं काम त्यांनी आमच्याकडून 4,80,000 रँडला घेतलं. करारानुसार 10 टक्के रक्कम राखून ठेवायची, आपल्याकडे जिला एसडी (सिक्युरिटी डिपॉझिट) म्हणतात ती. म्हणजे 48,000. त्यांचा सगळा नफा जेमतेम तेवढाच. निम्मी रक्कम काम संपल्यावर, उरलेली डीएलपी, म्हणजे दोष दुरुस्तीच्या जबाबदारीची मुदत, संपल्यावर. ते एक वेळ ठीक. पण चालू बिलांचं काय? सरकारी खात्याने बिल 30 दिवसांत चुकतं करावं, असा तुमच्या ट्रेझरीचाच नियम आहे. मामाच्या दुसऱ्या बिलावर मी सही केली त्याला 97 दिवस झाले तरी पैसे नव्हते. आमचे अकाउंट्सवाले म्हणायचे, खात्याकडून आम्हाला आले की तुम्हाला देऊ. गवंडी मात्र शुक्रवारी दुपारी रांगेत उभे असतात. एका शुक्रवारी मामांनी काँक्रीट मिक्सर विकून मजुरी भागवली. पुढचा आठवडाभर पोरं फावड्याने माल कालवत होती.

30 टक्क्यांबद्दलही बोलतो. 2017 च्या नियमांत 3 कोटी रँडवरच्या कामांत शक्य तिथे 30 टक्के काम छोट्या कंत्राटदारांना देण्याची तरतूद होती. तिचं नाव घेऊन बंदुकवाले साइटवर येऊ लागले आणि कामं बंद पाडू लागले. नोव्हेंबर 2024 मध्ये डर्बनला परिषद घेऊन तुमच्या खात्याने त्यांच्याविरुद्ध उभं राहायचं ठरवलं, हे चांगलंच झालं. पण त्या टोळ्यांमुळे 'काळा छोटा कंत्राटदार' हा शब्दच बदनाम झाला. आमच्या ऑफिसातही हल्ली मामाकडे कोणी त्याच नजरेने पाहतं. मामा कधी बंदूक घेऊन आल्या नाहीत. येतात त्या बिलाची फाइल घेऊन.

वेळेवर पैसे आणि तंट्याचा झटपट निवाडा यांसाठीच्या नियमांचा मसुदा तुमच्याच खात्याने 2015 मध्ये प्रसिद्ध केला होता. 'मला मिळाले की तुला देतो' ही करारातली अट त्याने मोडीत निघाली असती. तो वर्षानुवर्षे मसुदाच राहिला. तो बाहेर काढा. आणि मुख्य कंत्राटदाराने आधीच्या बिलातले पोटकंत्राटदारांचे पैसे दिल्याची पावती जोडल्याशिवाय त्याचं पुढचं बिल पास करू नका. माझ्या मालकांना हे आवडणार नाही. म्हणून खाली नाव घालत नाही.

शाळेची डीएलपी संपली. भिंतींना एक तडा नाही, मी स्वतः फिरून पाहिलं. मामाचे राखीव 24,000 रँड अजून यायचे आहेत. मोजमाप पुस्तकाच्या त्या पानाची प्रत इंग्रजी पत्राला जोडली आहे, नावं झाकून.

आपला,
एक क्वांटिटी सर्व्हेयर
जोहान्सबर्ग