बाबांच्या मिटिंगसाठी

एडिसन, न्यू जर्सी

ती. बाबा आणि आई,
सा. न.

रविवारी बाबांनी विचारलं, "तुमच्याकडे नगरपालिका तुम्हा कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याचा सगळा हप्ता भरते ना? पेन्शनरांच्या मिटिंगमध्ये सांगायचंय." तेवढ्यात आईचा कुकर उतू गेला आणि विषय राहिला. म्हणून लिहितेय.

बाबा, सगळा नाही भरत. २०१० मध्ये इथे पगाराचा किमान दीड टक्का कापायला लागले. २०११ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टींच्या सहीने 'चॅप्टर ७८' हा कायदा आला. तेव्हापासून पगार जास्त तसा हप्त्यातला वाटा मोठा. कुटुंबाच्या विम्याला ३ टक्क्यांपासून पार ३५ पर्यंत. चार वर्षांत तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. पुढे युनियनने घासाघीस करून काय कमी करून घेतलं तर घेतलं. आमच्याकडे अजून मूळचाच तक्ता आहे.

त्याची गंमत मला इन्क्रिमेंटच्या महिन्यात कळली. पगार ६९ हजार डॉलरवरून ७१ झाला. पेढे वाटायचेच बाकी होते! पण ७० हजार ओलांडले की १९ टक्क्यांचे २२ होतात. वर्षाचा हप्ता ३६ हजार धरला, तर माझा वाटा ६,८४० वरून ७,९२० वर गेला. म्हणजे वाढीतले १,०८० तिथेच गेले, टॅक्स वेगळाच. पगाराची स्लिप मी तीनदा वाचली.

आणि हप्ता काही जागेवर बसत नाही. २०२३ ला राज्याच्या योजनेत तो एका वर्षात २० टक्क्यांहून जास्त वाढला. टक्के तेच, पण माझी रक्कम वाढली. गावाचा वाटा येतो प्रॉपर्टी टॅक्समधून, म्हणजे तिथेही खिसा गावकऱ्यांचाच.

पुणे महापालिकेच्या तुमच्या अंशदायी वैद्यकीय योजनेत दवाखान्याच्या बिलाचे नव्वद टक्के पालिकेचे, दहा आपले. आईच्या गुडघ्याच्या वेळी तुम्ही दहा टक्के भरलेत आणि पावती शर्टाच्या खिशात घडी घालून आणलीत, आठवतं? तुमचे टक्के बिलावर बसतात, आमचे हप्त्यावर. मी वर्षभर ठणठणीत असले तरी कापतात, आणि डॉक्टरकडे गेले की को-पे, म्हणजे खिशातून भरायचा वाटा, आहेच.

तेव्हा मिटिंगमध्ये कोणी म्हणालं, "विमा आणू, अमेरिकेत असतो तसा", तर टक्के किती हे नंतर विचारा. आधी विचारा, टक्के कशाचे? हप्ता वाढला तर वाढीव रक्कम कोणाची? सत्तरीच्या माणसाचा हप्ता कोण भरणार? उत्तरं लिहून घ्या. तोंडी नको.

आई, बाबांना मिटिंगला भडंगाचा डबा दे, नाहीतर ते उपाशीपोटी भांडत बसतात. आणि काय ठरलं ते तू सांग, ते अर्धंच सांगतात.

तुमची,
मनी