मिठागरापासून सुरुवात केलीत, बाई

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. आमच्या लेकासाठी तुम्ही काय केलंत, ते माझ्यासारख्या इतर आयांना कळायला हवं.

पेडण्यात मराठी शाळेत चौथी करून तो पाचवीला इंग्रजी माध्यमात गेला आणि मागे पडत गेला. "भाषा नवी आहे, सवयीनं येईल," असं वर्षभर ऐकलं. मग सल्ला मिळाला, घरात मराठी-कोकणी बंद करा. आम्ही तेही केलं. जेवताना घर गप्प झालं, आणि पोर तर शाळेतलं काहीच सांगेना.

तुम्ही रिसोर्स टीचर, म्हणजे अभ्यासात अडणाऱ्या मुलांना मदत करणाऱ्या शिक्षिका म्हणून आलात आणि पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे मराठी उतारा ठेवलात. इंग्रजीत अडणाऱ्या मुलाला मराठी कशाला, मला कळेना. तो 'घ' आणि 'ध'मध्ये अडखळला, वेलांट्या गाळल्या, जोडाक्षरापाशी थांबलाच. तोच उतारा तुम्ही वाचून दाखवलात, तेव्हा मात्र सगळी उत्तरं त्यानं तोंडी दिली. "फक्त इंग्रजी नवं असतं, तर मराठी अडलं नसतं. अडचण वाचनाची आहे, समजण्याची नाही," तुम्ही म्हणालात. मला रडू आलं. चौथीपर्यंत तो पाठांतरावर निभावत होता, हे आईच्याही लक्षात आलं नव्हतं.

चाचणी दोन्ही भाषांत व्हावी असा आग्रह तुम्ही धरलात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची डिस्लेक्सिया तपासणारी 'डाली' चाचणी मराठीतही आहे, हे तुमच्यामुळे कळलं. निदान डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचन-लेखनातल्या अडचणीचं निघालं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सिया येतो, तेव्हा सवलती मागताना मान खाली घालू नका, हेही तुम्हीच सांगितलंत.

पण मला सर्वांत जास्त आठवतो तो विज्ञानाचा धडा. 'इव्हॅपोरेशन' (बाष्पीभवन) हा शब्द त्याला वाचता येत नव्हता, पाठ होत नव्हता. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि विचारलंत, "आगरवाड्याला मीठ कसं करतात रे?" त्यानं खाडीचं पाणी आत कसं घेतात, ऊन कसं लागतं, पांढरा थर कसा धरतो, सगळं मराठीत, हातवारे करून सांगितलं. तुम्ही चित्रं काढत गेलात. मग त्याच चित्रांखाली एकेक इंग्रजी शब्द, तुकडे पाडून, प्रत्येक तुकडा वेगळ्या रंगात. ताटातल्या रेतीवर बोटानं तो शब्द त्यानं कितीदा गिरवला! 'बी' आणि 'डी'ची उलटापालट अजून होते, पण आता तो स्वतःच थांबून बघतो.

घरात आम्ही पुन्हा आपल्या भाषेत बोलतो. शाळेतल्या गोष्टी तो जेवताना सांगतो, मध्येच इंग्रजी शब्द टाकतो, अर्थ आम्हालाच विचारतो.

मे महिन्यात आगरवाड्याचं मीठ घेऊन तुमच्याकडे येऊ. पिशवीवर तुमचं नाव तो लिहिणार आहे, दोन्ही भाषांत.

तुमची,
एक आई, पेडणे