डिजिपिन आला, पण वाडीचे नाव?

महोदय,

टपाल खात्याने मे 2025 मध्ये ‘डिजिपिन’ खुला केला. अक्षांश-रेखांशांवरून तयार होणारा हा 10 अक्षर-अंकांचा संकेत सुमारे 4 मीटर लांबी-रुंदीचा चौकोन नेमका ओळखतो आणि त्याची प्रणाली सर्वांना खुली असल्याने नकाशांवर आधारित ॲप तयार करणाऱ्या तरुणांना ती वापरता येईल, हे स्वागतार्हच आहे. 1972 पासूनचा पिनकोड टपाल कार्यालयापर्यंत नेतो, हा थेट उंबऱ्यापर्यंत. परंतु अडचणीच्या वेळी माणूस संकेत नव्हे, गावाचे नाव सांगतो, आणि सीमाभागात घोळ नेमका तिथेच होतो.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री माझ्या आईला धाप लागली. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील आमच्या वाडीत बेळगावहून गाडी बोलावली. चालकाने ॲपमध्ये वाडीचे नाव टाकले आणि ॲपने त्याला त्याच नावाच्या, चंदगड तालुक्यातील वाडीच्या वाटेला लावले. डोंगरात फोनची रेंज नसल्याने चूक कळायलाही वेळ गेला आणि गाडी दाराशी आली ती तासाभराहून अधिक उशिरा. चालक कन्नडभाषक व अतिशय सज्जन होता. ओल्या हाताने त्याने फोन माझ्यापुढे धरला. आमची वाडी नकाशात होती, पण इंग्रजी स्पेलिंगवरून देवनागरीत उलटी आणलेली, ‘ळ’चा ‘ल’ झालेली. त्यामुळे अचूक मराठी नाव टाकणाऱ्यालाच ती सापडली नाही. आई सुदैवाने बरी आहे.

मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत ‘ळ’ आहे, इंग्रजी लिपीत मात्र ‘ल’ व ‘ळ’ यांना एकच अक्षर मिळते, आणि आमच्या शेजारच्या दोन भाषांमधील नावे तिसऱ्या लिपीतून फिरून येताना येळ्ळूर, अनगोळ अशा नावांचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. शहराचे नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृतरीत्या बेळगावी झाले, तरी शोधात ‘बेळगाव’ लिहिले की शहर सापडते, कारण मोठ्या शहराची सर्व नावे कोणीतरी नोंदवून ठेवतो. वाडीसाठी ते कष्ट कोणी घेत नाही.

वास्तविक सोय आहे. 2004 मध्ये सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशात एकाच ठिकाणासाठी मराठी, कन्नड, इंग्रजी अशी भाषावार नावे आणि बोलीतील पर्यायी नावेही स्वतंत्र रकान्यांत भरता येतात, ती कोणीही भरू शकतो आणि त्यावरून कोणालाही ॲप उभारता येते. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2021 मध्ये नकाशांच्या माहितीवरील पूर्वपरवानगीची बंधनेही भारतीय संस्थांसाठी काढली. आपल्या महाविद्यालयांतील संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांनी तालुक्यातील वाड्यावस्त्यांची नावे गावातील वडीलधाऱ्यांना विचारून, मराठी आणि कन्नड दोन्ही, या रकान्यांत भरावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. यात भाषेचा वाद आणू नये. कन्नड नाव पुसून मराठी घालणे हे त्या चालकावर अन्याय करणारे ठरेल.

ॲप तयार करणाऱ्यांनीही शोधात भरलेली सर्व नावे तपासावीत, ‘ल’ आणि ‘ळ’ यांतील फरकामुळे गाव नाकारू नये आणि एकाच नावाची दोन ठिकाणे असतील तर परस्पर एक निवडू नये. त्या रात्री ॲपने ‘खानापूर की चंदगड?’ एवढे विचारले असते, तर चालकाने लगेच उत्तर दिले असते.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)