निकालाला विरोध हवाच, पण न्यायाधीशांच्या दारात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्भपातावरच्या न्यायालयीन निकालांची चर्चा निघाली की दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की निकाल लागला, आता गप्प बसा, त्याविरुद्ध बोलणे म्हणजे न्यायालयाचा अवमान. दुसरे असे की प्रश्न बाईच्या जिवाचा आहे, तेव्हा विरोधाला मर्यादा कसल्या घालता? माझी सारी नोकरी मिरजेत प्रसूती विभागात परिचारिका म्हणून झाली. या विषयात मी तटस्थ नाही, असू शकत नाही. तरी ही दोन्ही मते मला पटत नाहीत. का, ते अमेरिकेच्या उदाहरणावरून सांगते. तिथे या एका प्रश्नावर विरोधाचे सगळे प्रकार, चांगले आणि भयंकर, पन्नास वर्षांत करून झाले आहेत.

२ मे २०२२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा मसुदा फुटला. १९७३च्या 'रो विरुद्ध वेड' निकालाने स्त्रियांना दिलेला गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला जाणार, हे त्यातून कळले. काही दिवसांतच निदर्शक न्यायमूर्तींच्या घरांसमोर जमू लागले. कॅव्हानॉ आणि रॉबर्ट्स यांच्या मेरीलँडमधल्या घरांसमोर, अलिटो यांच्या व्हर्जिनियातल्या घरासमोर. बहुतेक जण फलक घेऊन शांतपणे आले आणि शांतपणे गेले. पण ८ जूनला एक तरुण पिस्तूल आणि सुरा घेऊन कॅव्हानॉ यांच्या घराजवळ पकडला गेला. न्यायमूर्तींना ठार मारायला आलो होतो, असे त्याने सांगितले. २४ जूनला अंतिम निकाल आला आणि हक्क गेलाच.

शांत निदर्शकांना त्या तरुणाच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. तो निकाल मलाही चुकीचा वाटतो. नको असलेले किंवा धोक्याचे गरोदरपण काय असते हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना तो सहज पचणार नाही. तरीही घरासमोरची निदर्शने, अगदी मूक असली तरी, मला मान्य नाहीत.

पहिले कारण वेळेचे. मे महिन्यात निकाल लागलेला नव्हता. प्रकरण न्यायालयापुढे होते, मसुद्यात बदल होऊ शकत होता. निकाल लागल्यावर आपण करतो तो विरोध. तो लागण्याआधी न्यायाधीशाच्या दारात जाऊन उभे राहणे म्हणजे दबाव. न्यायाधीशावर प्रभाव पाडण्याच्या हेतूने त्याच्या घराजवळ निदर्शने करू नयेत, असा अमेरिकेत १९५० पासून कायदा आहे. आज आपल्या बाजूने तो मोडला तर उद्या दुसऱ्या बाजूने मोडणाऱ्यांना कोणत्या तोंडाने अडवायचे?

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. विस्कॉन्सिन राज्यात ब्रुकफील्ड नावाचे गाव आहे. १९८५ मध्ये तिथे गर्भपातविरोधकांचे जथे एका डॉक्टरच्या घरासमोर वारंवार उभे राहू लागले, कारण तो डॉक्टर गर्भपात करत असे. गावाने नियम केला की एखाद्या घराला लक्ष्य करून निदर्शने करता येणार नाहीत. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८८ मध्ये न्यायालयाने तो नियम कायम ठेवला. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी लिहिलेल्या त्या निकालाचे सार असे की माणसाला स्वतःच्या घरात तरी नको असलेल्या भाषणापासून सुटका हवी. म्हणजे घराच्या उंबरठ्याचे हे संरक्षण गर्भपात करणाऱ्या डॉक्टरसाठीच उभे राहिले होते. न्यायमूर्तींच्या दाराशी ते आपण मोडले, तर डॉक्टरच्या, परिचारिकेच्या, दवाखान्यात आलेल्या मुलीच्या दाराशी ते टिकणार नाही. या लोकांना न्यायमूर्तींसारखा पोलिसांचा पहारा मिळत नाही.

ते संरक्षण नसले की काय होते, हे कॅन्सस राज्याने पाहिले आहे. तिथल्या विचिटा शहरात डॉ. जॉर्ज टिलर यांचा दवाखाना होता. १९८६ मध्ये तिथे बॉम्बस्फोट झाला. १९९१ च्या उन्हाळ्यात हजारो लोकांनी शहरातल्या गर्भपात केंद्रांची दारे अडवली आणि अडीच हजारांहून अधिक अटका झाल्या. १९९३ मध्ये टिलर यांच्या दोन्ही हातांना गोळ्या लागल्या. ते पुन्हा कामावर गेले. ३१ मे २००९ रोजी, रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी, त्यांच्याच चर्चमध्ये त्यांना गोळी घालून मारण्यात आले. दवाखाना बंद पडला आणि अवघड गरोदरपणातल्या बायकांना दुसऱ्या राज्यांची वाट धरावी लागली. हे करणारे स्वतःला जीवनाचे रक्षक म्हणवत होते.

पण याच कॅन्ससमध्ये विरोधाची रीतही दिसली, आणि ती गर्भपातविरोधकांनीच दाखवली हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की राज्याच्या घटनेत गर्भपाताचा हक्क आहे. विरोधकांना निकाल अजिबात मान्य नव्हता. त्यांनी विधिमंडळात बहुमत जमवले, घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मंजूर केला आणि तो मतदारांपुढे ठेवला. एखाद्या निकालाला याहून रोखठोक उत्तर लोकशाहीत दुसरे नाही. २ ऑगस्ट २०२२ रोजी, म्हणजे वॉशिंग्टनच्या निकालानंतर सहा आठवड्यांच्या आत, मतदान झाले. ज्या राज्याने १९६४ नंतर अध्यक्षपदासाठी एकाही डेमोक्रॅट उमेदवाराला कौल दिलेला नाही, त्या राज्यात सुमारे ५९ टक्के मतदारांनी दुरुस्ती फेटाळली. घरोघर जाऊन मतदारांशी बोलणाऱ्या बायकांनी तो हक्क राखला. पुढे मिशिगनमध्ये २०२२ ला आणि ओहायोमध्ये २०२३ ला मतदारांनी हा हक्क थेट राज्याच्या घटनेतच लिहून घेतला.

मग रस्त्यावर उतरूच नये का? जरूर उतरावे. १९ जुलै २०२२ रोजी अमेरिकी संसदेच्या सतरा सदस्यांना सर्वोच्च न्यायालयाजवळचा रस्ता अडवल्याबद्दल अटक झाली. कायदा उघडपणे मोडायचा, पळायचे नाही, शिक्षा अंगावर घ्यायची, ही रीत आपल्या देशाला नवी नाही. तिच्यात इजा होते ती आंदोलकालाच. ती मला पूर्ण मान्य आहे.

आणि न्यायालयांनीही एक गोष्ट ऐकून घ्यावी. मसुदा फुटल्यावर त्या न्यायालयाभोवती उंच लोखंडी कुंपण उभे राहिले. त्याच्या पायऱ्यांसमोरच्या चौकात निदर्शनांना एरवीही बंदी असते, लोकांना फूटपाथवर उभे राहावे लागते. पण मॅसॅच्युसेट्स राज्याने गर्भपात केंद्रांच्या दारापासून ३५ फुटांचे मोकळे अंतर ठेवायचा कायदा केला, तेव्हा तो मात्र याच न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केला. स्वतःच्या अंगणात जी शांतता हवी, ती दवाखान्याच्या दारात घाबरत आलेल्या बाईला नाकारायची, हे मला न्याय्य वाटत नाही. घरी त्रास नको असेल तर कचेरीच्या दाराशी आवाज ऐकण्याची तयारी हवी.

आपल्याकडचा अनुभव याहून शांत आहे आणि तो विसरण्यासारखा नाही. २००८ मध्ये मुंबईतील एका दांपत्याने पोटातल्या बाळाच्या हृदयात गंभीर दोष आढळल्यावर गर्भपाताची परवानगी मागितली. विसावा आठवडा उलटून गेला होता, १९७१ च्या कायद्याची मर्यादा ओलांडली होती. मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. त्या निकालाने राज्यभर वाद पेटला. पण कोणी न्यायमूर्तींच्या घरावर गेले नाही. त्या खटल्यातले डॉक्टर निखिल दातार पुढे वर्षानुवर्षे न्यायालयांत याच प्रश्नावर झगडत राहिले, संघटनांनी निवेदने दिली, वर्तमानपत्रांत लेख आले. २०२१ मध्ये संसदेने कायदा बदलला. काही गटांतील स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवड्यांवर गेली आणि वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर व्यंग असल्याचे निदान केले तर आठवड्यांची अटच उरली नाही. तेरा वर्षे लागली. मधल्या काळात किती बायकांनी काय सोसले असेल, या विचाराने आजही जीव तुटतो. पण बदल झाला तो पक्का झाला.

अवमानाच्या भीतीने गप्प बसणाऱ्यांसाठी एवढेच: न्यायालय अवमान कायदा, १९७१ च्या कलम ५ प्रमाणे निकाली निघालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त टीका करणे हा अवमान नाही. १६ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने २६ आठवड्यांच्या गरोदर महिलेला परवानगी नाकारली. दोन मुलांच्या त्या आईला प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा त्रास होता. आधी ९ ऑक्टोबरला न्या. हिमा कोहली आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी परवानगी दिली होती आणि दोनच दिवसांनी त्याच दोघींत मतभेद झाले. न्या. नागरत्ना आईच्या निर्णयाच्या बाजूनेच राहिल्या, म्हणून प्रकरण तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेले आणि त्याने परवानगी नाकारली. खुद्द न्यायमूर्ती एकमेकींशी असहमत होऊ शकतात, तर नागरिकाने सभ्य भाषेत, नाव घालून, कारणे देऊन तेच म्हणायला कचरू नये.

आपल्याला एक विनंती आहे. असा निकाल आला की बातमी दोन रकान्यांत आटोपते आणि आम्ही वाचक मथळ्यावरूनच भांडतो. आपल्या दैनिकाने निकालपत्रातली दोन्ही बाजूंची कारणे, विशेषतः भिन्न मत देणाऱ्या न्यायमूर्तींचे म्हणणे, सोप्या मराठीत अर्धे पान तरी छापावे. सर्वोच्च न्यायालयाचे अनेक निकाल आता मराठीतही उपलब्ध होतात, त्यामुळे हे काम पूर्वीइतके अवघड नाही. सोबत, कायदा बदलायचा झाल्यास संसदेत नेमके काय बदलावे लागेल, हेही द्यावे. म्हणजे आपल्या खासदाराला पत्र लिहिताना काय मागायचे ते वाचकांना कळेल. माझे पत्र मी लिहायला घेतलेच आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, मिरज