गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजा आणि आकडा बाईला सांगा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही बाळ वेळेआधी होऊ नये म्हणून गर्भपिशवीच्या तोंडाला बसवायच्या सिलिकॉनच्या रिंगबद्दल छापलंत, वर मोठ्या अक्षरात होतं की आता टाका न घालता दिवस पूर्ण भरणार. ते वाचल्यापासून हे पत्र लिहायचं म्हणतेय. आमच्या बिल्डिंगच्या बायकांच्या ग्रुपवर त्या पानाचा फोटो दोन दिवसात चार वेळा फिरला आणि खाली लगेच तीन जणींनी विचारलं, ही रिंग कुठे मिळते, किती पैसे पडतात. त्यातल्या एकीला पाचवा महिना चालू आहे. म्हणून राहवलं नाही. मी डॉक्टर नाही, ३१ वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं, आता रिटायर आहे, पण हे सगळं आमच्या घरात घडलंय आणि आम्ही त्यात एक बाळ घालवलंय.

२०२१ च्या पावसाळ्यात सुनेला पाचवा महिना लागला होता. ती फोर्टला बँकेत, भांडुपहून सीएसएमटी, रोजची स्लो लोकल. एकोणिसाव्या आठवड्याची सोनोग्राफी, ज्याला अनॉमली स्कॅन म्हणतात, त्याला आम्ही दोघीच गेलो. बाहेर तो गर्भलिंगनिदान केलं जात नाहीचा बोर्ड, आत फॉर्म, सही, पाणी पिऊन बसणं, सगळं रीतसर. बाळाचं डोकं, हातपाय, हृदय, सगळं छान. मग तिथल्या मॅडमनी जाता जाता विचारलं, खालून पण बघायचं का, दोन मिनिटं लागतील. सून माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली, नको म्हणून. खालून म्हटल्यावर मला वाटलं बाळाला धक्का बसेल, आणि लाज पण वाटली, खोटं कशाला बोलू. त्या ठीक आहे म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. का बघायचं, बघितलं नाही तर काय राहून जाईल, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी ती म्हणायला लागली की जड जड वाटतंय, कंबर ओढतेय आणि पांढरं जास्त जातंय. पोटात दुखत अजिबात नव्हतं. मीच म्हटलं, होतं असं, ट्रेनच्या धक्क्यांनी झालं असेल, दोन दिवस रजा टाक. तिसऱ्या रात्री तिला खाली काहीतरी आल्यासारखं वाटलं म्हणून रिक्षा केली, एलबीएस रोडवर गुडघाभर पाणी, हॉस्पिटलला पोचलो तर डॉक्टर म्हणाले तोंड तीन बोटं उघडलंय, पाण्याची पिशवी बाहेर डोकावतेय, आता काही करता येणार नाही. पहाटे मोकळी झाली. नर्सने हिरव्या कपड्यात गुंडाळून बाळ माझ्या हातात दिलं. साडेचारशे ग्रॅम. बोटांना नखं आलेली होती.

मग सुरू झालं. कोणी म्हणालं पपई खाल्ली असेल, कोणी म्हणालं दोरीवर कपडे टाकताना हात वर केले असतील, कोणी नोकरीवर घातलं, कोणी ग्रहणावर. आलेला प्रत्येक माणूस तिच्याकडून काय चुकलं तेच शोधत होता, आणि ती बिचारी ऐकत होती. दोन महिन्यांनी मुलाने फाइल काढली तर त्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये सर्व्हिक्सपुढे, म्हणजे पिशवीच्या तोंडापुढे, लिहिलेलं, बंद आहे. लांबीच्या जागी नुसती रेघ.

ती रेघ म्हणजे काय हे मला नंतर कळलं, ते जसं कळलं तसं सांगते. पिशवीचं तोंड म्हणजे नुसतं भोक नसतं, ती मांसल नळी असते आणि मधल्या महिन्यांत ती साधारण ३५ ते ४० मिलिमीटर लांब असते. काही बायकांमध्ये ती वेळेच्या खूप आधी आखूड व्हायला लागते, आणि सुरुवात होते आतल्या बाजूने, म्हणजे बाहेरून बघितलं तर बंदच दिसते. कळा नाहीत, रक्त नाही, त्यामुळे बाईला पत्ताच लागत नाही. चोवीस आठवड्यांच्या आत ती २५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरली तर ती आखूड धरतात आणि लक्ष ठेवतात. ही लांबी नीट कळते ती खालून केलेल्या सोनोग्राफीत, तीसुद्धा लघवी करून आल्यावर, कारण लघवीची पिशवी भरलेली असली की तोंड दाबलं जातं आणि असतं त्याहून लांब दिसतं. तो प्रोब, म्हणजे सोनोग्राफीची दांडी, योनीतच राहतो, बाळापर्यंत जात नाही, त्याने काही होत नाही. हे एवढं वाक्य मला त्या दिवशी कोणी बोललं असतं तर मी मान हलवली नसती.

२०२३ च्या शेवटी पुन्हा दिवस राहिले तेव्हा नवीन मॅडमनी पहिल्याच भेटीत सगळी जुनी फाइल वाचली आणि सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी खालून मोजायचं ठरवलं. पहिल्यांदा आलं ३३. मग २७. विसाव्या आठवड्यात २१. मुलगा तोपर्यंत रात्र रात्र मोबाइलवर वाचत बसायचा, त्याने ह्याच रिंगचा फोटो मॅडमपुढे धरला, म्हणाला ऑपरेशन नको, हीच बसवा. मला आधी कळेना, कारण रिंग म्हटलं की मला माझी आई आठवते, तिला अंग बाहेर यायचं म्हणून रिंग बसवली होती. पण ही वेगळी. ही मऊ सिलिकॉनची, उलट्या वाटीसारखी, मधे भोक, त्यात पिशवीचं तोंड बसतं. जर्मनीतल्या डॉ. अराबिन यांच्या नावाने ओळखतात. कल्पना अशी की तोंड मागच्या बाजूला वळतं, मग बाळाचा भार सरळ त्याच्यावर पडत नाही. भूल लागत नाही, ओपीडीत बसते, ३७ आठवड्यांना काढतात. ऐकायला इतकं सोपं आहे की कोणालाही वाटेल हेच करा.

मॅडमनी आम्हाला अर्धा तास दिला, बाहेर लाइन असताना. म्हणाल्या, २०१२ साली स्पेनमध्ये ३८५ बायकांवर अभ्यास झाला, सगळ्यांचं तोंड आखूड होतं. ३४ आठवड्यांच्या आधी आपोआप बाळंत होणाऱ्या बायका रिंगवाल्यांमध्ये ६ टक्के आणि बिनरिंगवाल्यांमध्ये २७ टक्के. जगभर आनंद झाला. मग २०१६ मध्ये वेगवेगळ्या देशांत मिळून ९०० हून जास्त बायकांवर तेच करून बघितलं तर रिंगवाल्यांत १२ टक्के, बिनरिंगवाल्यांत पावणेअकरा, म्हणजे फरकच नाही. दुसऱ्या वर्षी इटलीतून ३०० बायकांचा निकाल आला तो परत रिंगच्या बाजूने. आणि २०२३ मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला, ५४४ बायका, ज्यांना आधी कधी लवकर बाळंतपण झालं नव्हतं पण आता तोंड २० मिलिमीटर किंवा कमी होतं. ३७ आठवड्यांच्या आधी बाळंत होण्याचं किंवा बाळ जाण्याचं प्रमाण रिंगवाल्यांत ४५.५ आणि बाकीच्यांत ४५.६ टक्के. इथपर्यंत आपण म्हणू, फायदा नाही तर नाही. पण बाळं दगावण्याचं प्रमाण रिंगवाल्यांत १३.३ टक्के आणि दुसरीकडे ६.८. तो अभ्यास मधेच थांबवावा लागला. हे आकडे मी पत्रात घालायच्या आधी मुलाकडून दोनदा तपासून घेतलेत. तुमच्या लेखात फक्त स्पेनचा अभ्यास आहे, संपादकसाहेब. पुढचं काहीच नाही. ११ वर्षांनी आलेला निकाल तुमच्या पानावर नाही आणि बायका रिंगची किंमत विचारतायत.

आमच्या सुनेला टाका घातला, कारण आधी एक बाळ त्याच पद्धतीने गेलेलं आणि आता लांबी उतरत चाललेली, अशा बाईला टाक्याचा फायदा होतो असं मॅडम म्हणाल्या. ह्या टाक्याचं मला फार वाटतं, कारण तो आपल्या मुंबईतला आहे आणि निम्म्या मुंबईला माहीतच नाही. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे, इथे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचे. पुन्हा पुन्हा मधल्या महिन्यांत बाळ जाणाऱ्या बायकांचा त्यांनी विचार केला आणि १९५५ साली हा टाका मांडला. सुरुवातीला तर ते बाईच्या स्वतःच्या मांडीतली पातळ चिवट पट्टी काढून तिनेच पिशवीचं तोंड आवळायचे. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या मॅकडॉनल्डनी सोपी पद्धत काढली, आता तीही खूप वापरतात, पण जगभरच्या डॉक्टरांच्या पुस्तकात शिरोडकर हे नाव आजही आहे. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा सून पहिल्यांदा जरा हसली, म्हणाली म्हणजे मराठी माणसाचा टाका आहे, टिकेल. पाठीत इंजेक्शन देऊन झालं, दुसऱ्या दिवशी घरी.

घरी आल्यावर मी पलंगाच्या पायथ्याला दोन दोन विटा लावल्या, आमच्या आईच्या वेळी लावायचे तशा, आणि तिला सांगितलं उठायचं नाही. मॅडमना फोनवर कळलं तर त्या माझ्यावर चिडल्या. म्हणाल्या नुसतं झोपून राहिल्याने बाळंतपण लांबत नाही, उलट पायात रक्ताच्या गाठी होतात, त्या विटा काढा आणि तिला घरात चालू फिरू द्या. काढल्या. जड काम नको आणि लोकलची गर्दी नको एवढंच पाळलं. सदतिसाव्या आठवड्यात टाका काढला, ओपीडीतच, कात्रीने. ट्रेमध्ये पडलेली ती पट्टी मी बघितली, परकराच्या नाडीपेक्षा बारीक, मळकी झालेली. जवळजवळ चार महिने तेवढ्यावर आमचं सगळं घर टांगलेलं होतं. पाच दिवसांनी नात झाली, दोन किलो सातशे.

पण टाका प्रत्येकीला नसतो, हेही लिहा. जिला आधी काही झालेलं नाही आणि फक्त लांबी कमी निघाली तिला सहसा प्रोजेस्टेरॉनची गोळी देतात, २०० मिलिग्रॅमची, रोज रात्री योनीत ठेवायची. २००७ साली १५ मिलिमीटरपर्यंत तोंड आखूड असलेल्या २५० बायकांना ती देऊन बघितली तर ३४ आठवड्यांच्या आधी बाळंत होणाऱ्या ३४ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आल्या. साधी मेडिकलमध्ये मिळणारी गोळी आहे. पण आकडा माहीत असेल तर गोळी, टाका, लक्ष ठेवणं, काहीतरी करता येतं. रिपोर्टमध्ये रेघ असेल तर डॉक्टर तरी काय करणार. स्त्रीरोगतज्ज्ञांची जी जागतिक संघटना आहे, फिगो, तिने तर २०१५ मध्येच सांगितलंय की एकोणीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान प्रत्येक गरोदर बाईची लांबी खालून मोजा.

२०२० साली जगात दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं १ कोटी ३४ लाख होती आणि त्यातली ३० लाख आपल्या देशातली, कुठल्याही देशापेक्षा जास्त. सगळी काही तोंड आखूड म्हणून नाही, बीपी असतं, जुळी असतात, इन्फेक्शन असतं. मुंबईने ह्या बाळांसाठी खूप केलंय, सायनच्या टिळक हॉस्पिटलात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली, ती काचेत ठेवलेल्या बाळांसाठीच. मग बाळ काचेत जाण्याच्या आधीची जी दोन मिनिटं आहेत ती का द्यायची नाहीत? महापालिकेच्या हॉस्पिटलात गर्दी किती असते मला माहीत आहे, मी स्वतः वर्गातल्या पोरांना घेऊन केसपेपरच्या लाइनीत उभी राहिलेय. तरी निदान जिचं आधी एक बाळ मधल्या महिन्यात गेलंय, जिला आधी लवकर बाळंतपण झालंय, तिला तरी नुसतं "खालून करायचं का" असं विचारू नका. बसवून सांगा की तोंडाची लांबी मोजायचीय, बाळाला काही होत नाही. आणि सासू मधे बोलली तर सासूलाही सांगा. आलेला आकडा तिच्या माता व बाल संरक्षण कार्डावर पेनाने लिहून द्या.

तुम्हाला एवढंच की त्या लेखाखाली पुढचे तिन्ही अभ्यासही छापा, त्याच पानावर, दिसतील एवढ्या अक्षरात. रिंग वाईटच आहे असं माझं म्हणणं नाही, एखाद्या बाईला तिचे डॉक्टर विचार करून बसवतीलही, पण पेपरात फोटो बघून तिने ती मागायला जाऊ नये.

ग्रुपवर विचारणारी ती पाचव्या महिन्यातली मुलगी आमच्याच मजल्यावरची आहे, तिची सासू गावाला असते. गुरुवारी तिची सोनोग्राफी आहे, मी बरोबर जाणार आहे. तिला सांगून ठेवलंय की लाजायचं नाही, आणि उठायच्या आधी विचारायचं, मॅडम, लांबी किती आली.

आपली नम्र,
एक आजी, भांडुप (पश्चिम)
(सुनेला विचारून लिहिलंय, पण कृपया नाव छापू नये.)