उरलेल्या गोळ्यांची देवघेव

मा. संपादक,

गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातील एक विद्यार्थिनी अंगावर ताप काढत तीन दिवस परीक्षा देत होती. अंगदुखी असह्य झाली तेव्हा वसतिगृहातील मैत्रिणीने तिला आयबुप्रोफेन दिले, आणि महिन्यापूर्वी घसा दुखत असताना आणलेल्या ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या उरलेल्या दोन गोळ्याही दिल्या. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागल्यावर तिला इस्पितळात नेले. तिला डेंग्यू झाला होता.

डेंग्यूमध्ये रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट्स घटतात आणि आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणूनच डेंग्यूची शंका असताना तापावर केवळ पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेत, घ्यायचे असते. डेंग्यू विषाणूमुळे होतो, आणि ॲझिथ्रोमायसिनचा तर विषाणूवर काहीच परिणाम होत नाही. मुलगी सुदैवाने बरी झाली. मैत्रिणीने जे केले ते मायेपोटीच केले, त्यामुळे तिला दोष द्यावा असे मला वाटत नाही. मात्र घसा दुखायचा थांबताच तिने स्वतःचा औषधक्रम अर्धवट सोडला होता, आणि अशाच सवयींमुळे जंतू प्रतिजैविकांना दाद देईनासे होतात, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. त्यावर तापाची वेगळी गोळी घेणारी मुले नकळत दुप्पट मात्रा घेतात, आणि तिचा भार यकृतावर पडतो. गोळ्यांच्या पट्टीवरील उभी लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना हे औषध घेऊ नये, हे मी वर्गात विचारले तेव्हा जेमतेम दोघांना ठाऊक होते.

सेफिक्झिमसारखी प्रतिजैविके मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ या, चिठ्ठीविना विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद डॉक्टर व रुग्णाच्या नावासह वेगळ्या वहीत करून ती वही तीन वर्षे जपणे फार्मसीवर बंधनकारक आहे. तरीही चिठ्ठी न मागता प्रतिजैविके दिली जाताना मी स्वतः पाहिले आहे. औषध प्रशासनाने महाविद्यालयांच्या परिसरातील फार्मसींच्या या वह्या तपासाव्यात.

परंतु केवळ तपासणीने भागणार नाही. सरकारी बाह्यरुग्ण विभाग सकाळी, नेमका वर्गातील तासांच्या वेळी चालतो, आणि परीक्षेच्या दिवसांत रांगेत अर्धा दिवस घालवणे मुलांना परवडत नाही. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आठवड्यातून दोनदा, दुपारनंतर, महाविद्यालयात तासभर बसले तरी पुष्कळ मुले त्यांच्याकडे जातील. आरोग्य खाते आणि उच्च शिक्षण संचालनालय यांनी ही सोय येत्या पावसाळ्यापूर्वी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक प्राध्यापिका, फोंडा