विषय : दोन सिस्टिमचे पैसे घेतले, किल्ली मात्र तुमच्या माणसाकडे राहिली

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

दि. १२ जानेवारी २०२६

महोदय,

राजारामपुरीतल्या माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ आणि उबुंटू या दोन ऑपरेटिंग सिस्टिम टाकून देण्याचे १,८०० रुपये तुम्ही ५ तारखेला घेतले. मुलीला कॉलेजच्या प्रोग्रॅमिंगला उबुंटू लागतं, मला गुळाच्या अडतीचे हिशेब टॅलीत करायचे असतात. ५१२ जीबीच्या एसएसडीतले ३०० विंडोजला, उरलेले उबुंटूला, असं ठरलं होतं.

आलेल्या मुलानं आधी उबुंटू टाकलं, मग विंडोज. "क्रम उलटा होतोय," असं मुलगी म्हणालीसुद्धा. "काय होत नाही, चालतंय की!" कुठलं चालतंय? नंतर बसलेल्या विंडोजनं पहिला नंबर स्वतःकडं घेतला. कोणती सिस्टिम हवी ते विचारणारा ग्रबचा मेनू दिसेचना. उबुंटू हवं तर दरवेळी कॉम्प्युटर सुरू करताना एफ१२ दाबा.

वर घड्याळाची गंमत. उबुंटू वापरून विंडोजमध्ये आलं की सकाळी दहाला पहाटेचे साडेचार दिसायचे. उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच इथली समजतं. ते मुलीनं एका कमांडनं निस्तरलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते ९ तारखेबद्दल. मेनूसाठी तुमचा दुसरा माणूस आला. त्यानं बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, शिरून सिक्युअर बूट हे सुरू होतानाचं संरक्षण बंद केलं, डिस्कच्या कुलपाची किल्ली जपणारी टीपीएम चिपही क्लिअर करून टाकली, आणि 'काम पूर्ण'वर माझी सही घेऊन गेला. संध्याकाळी विंडोज उघडलं तर निळा पडदा : बिटलॉकरची, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेल्या कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की टाका. ही की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. खातं कुणाचं? पहिल्या मुलानं घाईत स्वतःचाच ईमेल टाकून विंडोज सुरू केलं होतं! आणि तो "आता आपल्याकडं नाही," असं तुमच्या मॅडम फोनवर सांगतात.

डिसेंबरपर्यंतचा बॅकअप माझ्या पेन ड्राइव्हवर आहे. पण ऐन हंगामातल्या ५ ते ९ जानेवारीच्या शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या आत अडकल्यात, आणि ते पैसे मागायला दारात येतात. त्यांना मी बिटलॉकर समजावून सांगू? "फुकटात फॉरमॅट मारून देतो," हा तुमचा तोडगा तर ऐकवतही नाही.

त्या मुलाला गाठा आणि की मिळवा. मग विंडोज माझ्या खात्यावर घ्या, ग्रबचा मेनू नीट आणून द्या आणि १,८०० रुपये परत करा. 'निकाली' म्हणून दोनदा बंद केलेली तक्रार पुन्हा उघडा. आठ दिवसांत हे झालं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुढं जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाईन. २०१९ च्या कायद्यात याला सेवेतली त्रुटी म्हणतात.

येणारा माणूस ते ४८ आकडे घेऊनच यावा. नुसता फॉरमॅटचा पेन ड्राइव्ह घेऊन आला तर दारातूनच परत पाठवीन.

आपला ग्राहक,
राजारामपुरी, कोल्हापूर